ध्वजदिनाचा पैसा सैनिकाच्या घरी पोचतो कसा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी एका निर्णयाला मंजुरी दिली आणि ‘माजी सैनिकांची मदत दुप्पट’ अशी बातमी सगळीकडे झळकली. बातमी खरी आहे, पण मथळा अर्धाच आहे. तो वाचून अनेकांना वाटलं की पेन्शनच दुप्पट झाली. काहींना वाटलं, गेल्या वर्षी मुलीचं लग्न झालं तेव्हा पन्नास हजार मिळाले होते, आता उरलेले पन्नास मिळतील. आणि ज्यांच्यासाठी हा निर्णय सर्वांत मोलाचा आहे, त्या वयस्कर, पेन्शन नसलेल्या सैनिकांपर्यंत आणि त्यांच्या विधवांपर्यंत बातमी पोचलीच नाही, असंही बऱ्याच गावांत झालं असणार. कारण त्यांच्या हातात ना स्मार्टफोन, ना माजी सैनिकांच्या कुठल्या ग्रुपमध्ये नाव.

सोलापूर जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांत फौजेत गेलेल्या माणसांची घरं आहेत. त्यांच्यासाठी नेमकी कोणती मदत आहे, ती कुठून येते, कशी मागायची आणि ती अडते कुठे, हे सगळं या लेखात नीट लावून सांगितलं आहे.

नेमकं काय बदललं?

तीन आकडे बदलले.

पासष्ट वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दरमहा मिळणारी मदत ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये झाली. ही मदत तहहयात आहे. सरकारी कागदावर तिला ‘पेन्युरी ग्रँट’ म्हणतात. आपण तिला निर्वाह मदत म्हणू.

मुलांच्या शिक्षणासाठी दर मुलामागे महिन्याला १,००० रुपये मिळायचे, ते आता २,००० झाले. जास्तीत जास्त दोन मुलांसाठी, पहिलीपासून पदवीपर्यंत. विधवा स्वतः दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेत असेल, तर तिलाही हीच मदत मिळते.

मुलीच्या लग्नासाठीची मदत ५०,००० वरून १,००,००० रुपये झाली. तीही दोन मुलींपर्यंत. विधवेने पुनर्विवाह केला तर तिलाही ती लागू आहे, आणि ही तरतूद आपल्याकडे फारशी कोणी उघडपणे सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

नवे दर १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना लागू आहेत. लग्नाच्या मदतीला आणखी एक अट आहे: लग्न हा आदेश निघाल्यानंतर झालेलं असलं पाहिजे. त्यामुळे आधीच्या लग्नाचे ‘उरलेले पन्नास हजार’ मिळणार नाहीत. कोणी एजंट ‘मिळवून देतो’ म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

या तिन्ही मदती हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांसाठी आहेत. नौदल आणि वायुदलातले समकक्ष हुद्देही त्यात आले. नायब सुभेदार आणि त्यावरच्यांना या लागू नाहीत.

हक्क वेगळा, मदत वेगळी

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. सैनिकाच्या घरात दोन प्रकारचा पैसा येऊ शकतो. एक म्हणजे पेन्शन, कुटुंब निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, विमा, ड्यूटीवर मृत्यू आल्यास केंद्राचं सानुग्रह अनुदान. हा पैसा सरकारी अर्थसंकल्पातून किंवा सैनिकाने स्वतः भरलेल्या वर्गणीतून येतो. नियमात बसलं की तो द्यावाच लागतो, आणि नाही दिला तर न्यायाधिकरणात दाद मागता येते.

दुसरा पैसा कल्याण निधीचा. तो लोकांच्या देणग्यांतून आणि त्या गुंतवून आलेल्या व्याजातून जमतो. त्यावर कोणाचाही आपोआप हक्क नसतो. निकषात बसावं लागतं, अर्ज करावा लागतो, शिफारस व्हावी लागते.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पेन्शन म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेली जमीन. कल्याण निधी म्हणजे सामाईक विहीर. पाणी सगळ्यांचं, पण पाळी लावल्याशिवाय तुमच्या पिकाला येत नाही, आणि विहिरीत असेल तेवढंच मिळतं. पाळी लावायचं काम ज्याचं त्याने करायचं. गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

विहिरीत पाणी येतं कुठून?

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळेत दहा-वीस रुपये देऊन शर्टाला लावलेला लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या रंगाचा छोटा ध्वज अनेकांना आठवत असेल. ते तीन रंग म्हणजे तीन सैन्यदलं. जिल्हाधिकारी कार्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत निधी गोळा होतो आणि प्रत्येक जिल्ह्याला त्याचा इष्टांक ठरवून दिलेला असतो.

पूर्वी वेगवेगळ्या नावांचे अनेक निधी होते. १९९३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ते एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ उभा केला. वर सांगितलेल्या तिन्ही मदती ‘रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधी’ या नावाने दिल्या जातात. नाव मोठं असलं तरी तो ध्वजदिन निधीचाच एक भाग आहे. ताज्या वाढीमुळे वर्षाला सुमारे २५७ कोटी रुपये लागतील आणि ते याच निधीतून भागवले जातील, असं मंत्रालयाने सांगितलं आहे.

काही पैसा व्यक्तींऐवजी संस्थांकडे जातो. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. दृष्टी गेलेल्या जवानांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्स संस्था आहे. आपल्या ध्वजाचा एखादा रुपया तिथेही पोचतो.

व्यवस्थेची उतरंड लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं. दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड. राज्यात सैनिक कल्याण विभाग, ज्याचं मुख्यालय पुण्यात आहे. जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जे सोलापूर शहरात आहे. जुने फौजी त्याला अजूनही ‘झेडएसबी’ (जिल्हा सैनिक बोर्ड) म्हणतात. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हा स्वतः निवृत्त लष्करी अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली कल्याण संघटक असतात. तेही माजी सैनिकच. कागदपत्रांबद्दल पहिला प्रश्न कल्याण संघटकाला विचारा.

सैनिक होता, मग पेन्शन का नाही?

निर्वाह मदत म्हटली की हा प्रश्न हमखास येतो. शिपायाला पेन्शन बसायला साधारण पंधरा वर्षांची सेवा लागते. सगळ्यांची तेवढी होत नाही. १९६२ आणि १९७१ च्या दरम्यान मोठी भरती झाली आणि गरज संपल्यावर अनेकांना घरी पाठवलं गेलं. कोणी घरची जमीन सांभाळायला नाव कापून परत आलं. कोणाला आठ वर्षांनी सोडलं, कोणाला दहा वर्षांनी. ग्रॅच्युइटी मिळाली, ती त्या काळच्या दराने, आणि ती कधीच संपली.

ही माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. अनेक जण नाहीत, त्यांच्या बायका आहेत. पेन्शन नाही म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन नाही, आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं कार्डही नाही, कारण ते पेन्शनधारकांसाठी आहे. फौजेत जाऊन आल्याचा पुरावा म्हणजे ट्रंकेत ठेवलेलं एक डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून मुक्त केल्याचं पुस्तक. अशा घरात महिन्याला आठ हजार म्हणजे औषधं, किराणा आणि विजेचं बिल. सगळ्या योजनांमध्ये ही एकच अशी आहे की जिच्यासाठी गावातल्या शिकलेल्या माणसाने आपला एक दिवस खर्च करावा.

या गटासाठी आजारपणाच्या खर्चाची मदतही आहे. पेन्शन नसलेल्यांना उपचारासाठी ठराविक मर्यादेपर्यंत, आणि कर्करोग, डायलिसिससारख्या गंभीर आजारांसाठी वेगळी. अर्जाला मूळ बिलं लागतात, म्हणून औषधाची चिठ्ठी अन् बिल फेकायचं नाही, ही सवय घरात लावून घ्या.

शिक्षणाच्या दोन योजना, दोन वेगळ्या विहिरी

शिक्षणाच्या मदतीत आणि ‘पंतप्रधान शिष्यवृत्ती’त लोक हमखास गल्लत करतात.

वर सांगितलेली दरमहा २,००० रुपयांची मदत ध्वजदिन निधीतून येते. ती हवालदारापर्यंतच्यांना आहे, पेन्शन असली तरी मिळते, आणि इयत्ता पास झाल्यावर त्या वर्षासाठी दिली जाते. नापास झालं तर त्या वर्षाची मदत नाही. अर्जदाराने राज्य सरकारकडून किंवा सध्याच्या नोकरीतून त्याच मुलाचा शिक्षण भत्ता घेतलेला नसावा. बँकेत, एसटीत किंवा महापालिकेत दुसरी नोकरी करणाऱ्यांनी हे आधी तपासा.

पंतप्रधान शिष्यवृत्ती १९६२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून येते. ती अभियांत्रिकी, वैद्यकीय, बी.एड., बीबीए, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. हवालदारापर्यंतची अट इथे नाही, सुभेदाराच्या मुलीलाही मिळू शकते. मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, वर्षाचे एकदम. दरवर्षी देशभरात ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, निम्म्या मुलींना. बारावी, पदविका किंवा पदवी, जी प्रवेशाची पात्रता असेल तिला किमान ६० टक्के हवेत. पुढच्या वर्षी चालू राहायला वार्षिक परीक्षेत ५० टक्के. अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी करायचा. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना त्यांच्या प्रवेशाच्या वर्षी करता येतो. सोलापूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलगा दुसऱ्या वर्षाला गेला आणि मग घरच्यांना योजना कळली, तर वेळ निघून गेलेली असते.

आणि हो, ही शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे. सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानांच्या मुलांसाठी गृह मंत्रालयाची वेगळी व्यवस्था आहे. नावं सारखी असल्याने चुकीच्या पोर्टलवर अर्ज भरून मुलं महिनोन्महिने वाट बघत बसतात.

अर्जाचा रस्ता

सगळे अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचे असतात. तिथे आधी नोंदणी, मग योजनेची निवड, मग मूळ कागदांच्या स्वच्छ प्रती चढवायच्या. अर्ज पहिल्यांदा सोलापूरच्या कार्यालयाच्या संगणकावर उघडतो. तिथे मूळ कागद दाखवून पडताळणी होते, शिफारस लागते, मग तो पुण्याला आणि तिथून दिल्लीला जातो. मंजुरीनंतर पैसे थेट खात्यात येतात. याला काही महिने लागतात, हे गृहीत धरूनच चला.

अर्ज भरायला कोणतंही शुल्क नाही. महा ई-सेवा केंद्रात स्कॅनिंगचे पैसे द्यावे लागतील, तेवढेच.

करमाळ्याहून किंवा माळशिरसहून सोलापूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून निघण्याआधी कार्यालयात फोन करून विचारा आणि एकाच फेरीत हे घेऊन या: डिस्चार्ज बुक मूळ, माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र (ते याच कार्यालयातून मिळतं), आधार, अर्जदाराच्या एकट्याच्या नावाचं बँक पासबुक, पेन्शन असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. शिक्षणासाठी गुणपत्रिका, लग्नासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, विधवेसाठी पतीचा मृत्यू दाखला. आधारशी जोडलेल्या नंबरचा फोन सोबत असू द्या, ओटीपी त्याच्यावर येतो. तो फोन पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या खिशात असेल, तर त्या वेळी त्याला कामातून दोन मिनिटं काढायला सांगून ठेवा.

लग्नाच्या अर्जाला १८० दिवसांची मुदत आहे, लग्नाच्या तारखेपासून. लग्नानंतर नोंदणी लांबवली की हे सहा महिने कधी सरतात कळत नाही. उन्हाळ्यात लग्न असेल तर पावसाळ्याआधी नोंदणी उरका.

अर्ज परत का येतात?

इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण निधीत पैसा नाही म्हणून अडणाऱ्या अर्जांपेक्षा कागद जुळत नाही म्हणून अडणारे अर्ज जास्त त्रासाचे असतात.

फौजेत माणसाच्या आयुष्यातली प्रत्येक नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. लग्न झालं, पार्ट टू. मूल झालं, पार्ट टू. बायको वारली, पार्ट टू. युनिटमधून ती नोंद रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जे लिहिलं गेलं तेच सरकारच्या लेखी खरं. घरी मुलीला कोणत्याही नावाने हाक मारा, तिचं नाव आणि जन्मतारीख त्या नोंदीत जे आहे तेच दिल्लीत वाचलं जातं.

आता एक नमुना बघा. रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव ‘नीलावती’, इंग्रजीत दोन ‘ई’ घालून. आधारवर तेच नाव एका ‘आय’ने. बँकेत नावापुढे नवऱ्याचं नाव, आधारवर नाही. मुलीची जन्मतारीख डिस्चार्ज बुकात ६ डिसेंबर, शाळेच्या दाखल्यावर १२ जून, कारण कोणीतरी कधीतरी दिवस आणि महिना उलटे वाचले. माणूस तोच, कुटुंब तेच, पण पडताळणाऱ्याच्या टेबलावर चार कागदांत चार माणसं दिसतात. तो अर्ज ‘निरीक्षण’ टाकून परत पाठवतो. ते निरीक्षण पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात दिसतं, पण तिकडे बघणार कोण? अर्जदार समजतो, दिल्लीत पडून आहे. दिल्ली समजते, अर्जदाराला गरज नाही. मुदत संपते.

म्हणून अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी पोर्टल उघडून स्थिती बघायची, आणि अर्ज भरताना दिलेला मोबाइल नंबर बदलायचा नाही.

नावात किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर काम भागू शकतं, पण ते कल्याण संघटकाला विचारून त्यांनी सांगितलेल्या मजकुरातच करा. नोंदच चुकली असेल किंवा मुलाची पार्ट टू झालेलीच नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. तो अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत पाठवणं बरं. जोडीला जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि मागतील ते बाकीचे कागद. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे असतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. वायुदलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला, नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला. पत्रावर सैनिकाचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव आणि युनिट ठळक लिहा. नंबर नसलेलं पत्र तिथे शोधताच येत नाही.

खरं तर हे काम जवान सेवेत असतानाच करायचं. मुलगा झाला की पुढच्या सुटीची वाट न बघता दाखल्याची प्रत युनिटला पाठवा. सेवेत असताना हे युनिटच्या क्लार्कच्या टेबलावर होऊन जातं. निवृत्तीनंतर तेच काम पत्रं, प्रतिज्ञापत्रं आणि फेऱ्या मागतं.

बँकेचा घोळ वेगळाच. खातं संयुक्त असतं, किंवा दोन वर्षं व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेलं असतं, किंवा बँकाच विलीन झालेल्या असतात. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली, त्याआधी देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी घालून पाठवलेला अर्ज मंजूर झाला तरी पैसे परत जाऊ शकतात. अर्जाआधी शाखेत जाऊन नवं पासबुक छापून घ्या.

जवानाला वीरमरण आलं तर?

इथे हक्काचा पैसा आधी येतो. केंद्राचं सानुग्रह अनुदान परिस्थितीनुसार २५ लाखांपासून ४५ लाखांपर्यंत असतं. ड्यूटीवरच्या अपघाताला २५ लाख, प्रत्यक्ष युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू आल्यास ४५ लाख. त्यात विमा आणि कुटुंब निवृत्तिवेतन वेगळं. राज्य सरकारची मदत आणखी वेगळी.

देणगीतून येणारी मदत ‘सशस्त्र सेना युद्धहानी कल्याण निधी’तून मिळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनमध्ये हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले, तेव्हा देशभरातून लोक पैसे द्यायला पुढे आले, पण द्यायचे कुठे हे ठरलेलं नव्हतं. त्यातून हा निधी उभा राहिला. आधी मृत्यूनंतर त्यातून दोन लाख मिळायचे, आता आठ लाख मिळतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यासाठी ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ सुरू झालं.

एक शब्द मात्र समजून घेतलाच पाहिजे: ‘बॅटल कॅज्युअल्टी’. शत्रूची कारवाई, सीमेवरचा गोळीबार, दहशतवाद्यांशी चकमक आणि सियाचिनसारख्या ठरवून दिलेल्या क्षेत्रातल्या काही नैसर्गिक आपत्ती, यांतला मृत्यू या वर्गात येतो. शांतताक्षेत्रात हृदयविकाराने किंवा सुटीवर रस्ते अपघातात आलेला मृत्यू ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. वर्ग लष्कर ठरवतं, गावकरी किंवा पुढारी नाही. अंत्ययात्रेत तिरंगा होता, सलामी दिली गेली, म्हणून हा निधी मिळेलच असं नसतं. कुटुंबाला हे कोणी आधी समजावून सांगत नाही, आणि मग शेजारच्या गावात आठ लाख मिळाले, आम्हाला का नाही, ही जखम वर्षानुवर्षं राहते.

आणखी एक नाजूक बाब. अविवाहित जवानाचे नोंदलेले निकटचे नातेवाईक म्हणजे आई-वडील. लग्न झालं आणि नोंद झाली की पत्नी. विम्याची रक्कम मात्र जवानाने लिहून दिलेल्या वाट्यांप्रमाणे जाते. लग्नानंतर हे वाटे पुन्हा बघून आई-वडील आणि पत्नी दोघांचाही विचार करून लिहिले, तर पुढचा कोर्टकज्जा टळतो. सुटीवर आलेल्या जवानाशी हे बोलायला घरचे बिचकतात, ते साहजिक आहे. तरीही बोला.

अग्निवीराचं काय?

अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला जवान, सेवेत असताना गेला, तर कुटुंबाला मोठी मदत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये गेला, तेव्हा सैन्याने तपशील जाहीर केला होता: ४८ लाखांचा विमा, ज्यासाठी त्याच्या पगारातून हप्ता कापला जात नाही. ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान. सेवा निधीत (चार वर्षांनंतर हातात येणाऱ्या एकरकमी पैशात) त्याने पगारातून भरलेला वाटा, तेवढीच सरकारची भर आणि व्याज. चार वर्षांतली उरलेली सगळी वेतनाची रक्कम. युद्धहानी निधीतून आठ लाख, आणि आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशनकडून तातडीचे तीस हजार. पेन्शन मात्र नाही.

चार वर्षं पूर्ण करून घरी येणाऱ्या अग्निवीराला मात्र योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. म्हणजे आज वाचलेली निर्वाह मदत, शिक्षण, लग्न, यांतलं काही त्याला नाही. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणात दाखल झाली. पुढे या धोरणात काही बदल झाला तर तो आदेश वाचूनच विश्वास ठेवा. घरच्यांनी सेवा निधीची रक्कम शेवटची समजून तिचं नियोजन करावं, हाच आजचा सावध सल्ला.

‘सरकारने द्यायला हवं, लोकांच्या देणग्या कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे. देशासाठी लढलेल्या माणसाच्या म्हातारपणाची जबाबदारी देशाची. पण हक्काच्या नियमांना कडा असतात, आणि काही माणसं कडेबाहेर पडतातच. पंधरा वर्षांना काही महिने कमी पडलेला शिपाई हे त्याचं उदाहरण. नियम बदलेपर्यंत त्याच्या घरी चूल पेटायला हवी. तेवढं काम निधी करतो. नियम बदलायला हवेत ही मागणी आणि निधीला देणगी, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

दुसरा आक्षेप अभिमानाचा असतो. ‘मी फौजी, मी हात पसरणार नाही.’ हा बाणा समजतो. पण या निधीत जे पैसे आहेत ते त्याच माणसासाठी शाळेतल्या पोरांनी दहा-दहा रुपये देऊन जमवलेले आहेत. ते दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. आजोबांना पटत नसेल तर आजींच्या औषधांसाठी अर्ज करा म्हणावं.

देणगी द्यायची असेल तर

आधी कोणाला द्यायची ते ठरवा. माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि मुलांसाठी द्यायची असेल तर ध्वजदिन निधी. युद्धात किंवा चकमकीत गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी युद्धहानी निधी. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपीसारख्या दलांसाठी ‘भारत के वीर’, जो गृह मंत्रालयाने एप्रिल २०१७ मध्ये सुरू केला. तिथे एका जवानाच्या कुटुंबाला पंधरा लाखांची मर्यादा आहे, म्हणजे सगळी मदत टीव्हीवर दिसलेल्या एकाच घरात जाऊन बाकीचे कोरडे राहू नयेत. सैन्यातला जवान गेला म्हणून ‘भारत के वीर’ला दिलेले पैसे सैन्याकडे जात नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं.

एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरला: सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी आणि जखमी जवानांसाठी सरकारने खातं उघडलं, रोज एक रुपया टाका. संरक्षण मंत्रालयाला तो दिशाभूल करणारा असल्याचा खुलासा करावा लागला. निधी शस्त्रखरेदीसाठी नसतात, कुटुंबांसाठी असतात. एखादा जवान गेल्यावर चार तासांत क्यूआर कोड फिरू लागला तर त्यावर पैसे टाकू नका. कुटुंबाला प्रत्यक्ष द्यायचे असतील तर सरपंच किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत खात्री करून त्यांच्या नावाच्या खात्यात द्या.

दोन हजारांवरची देणगी रोखीने दिली तर करसवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मुळातच नाही. कंपन्या आपल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चातून माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी पैसे देऊ शकतात. कंपनी कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. सोलापूरच्या कापड कारखान्यांना आणि साखर कारखान्यांना याचा विचार करता येईल.

पैसे नसतील तर वेळ द्या. गावात पासष्टच्या वरचा, पेन्शन नसलेला कोणी फौजी किंवा त्याची विधवा आहे का, एवढं विचारा. असेल तर डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या, आधारवरचं नाव त्यातल्या नावाशी अक्षर-अक्षर जुळवून बघा, आणि फरक असेल तर सोलापूरला जाण्याआधीच कल्याण संघटकाला फोनवर सांगा.